वजनाच्या ऑपरेशननंतर: घरची काळजी आणि सोबतीचा गट



वजन कमी करण्याचे ऑपरेशन पूर्वी पैशावाल्यांचे मानले जाई. आता तसे राहिलेले नाही. कोणाला मुलाच्या कंपनीचा विमा मिळतो, कोणाला धर्मादाय रुग्णालयात सवलत मिळते, कोणी दागिने मोडून किंवा कर्ज काढून हे ऑपरेशन करून घेते. साखर आटोक्यात येत नाही, गुडघे चालू देत नाहीत, झोपेत श्वास अडकतो, अशा अवस्थेत डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. दोन-चार दिवसांत पेशंट घरी येतो.

घरी आल्यावर मात्र बरेच जण ही गोष्ट लपवतात. शेजारी विचारले तर "पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन झाले" असे सांगतात. लोक हसतील, "खाऊन खाऊन फुगली आणि आता पोट कापून घेतले" असे म्हणतील, ही भीती असते. लपवल्यामुळे मग वेगळे जेवण मागता येत नाही, पाण्याचा हंडा उचलू नको असे कोणी म्हणत नाही, तपासणीला जायचे तर खोटे कारण शोधावे लागते. हळूहळू तपासणी बंद पडते, गोळ्या महाग म्हणून थांबतात. वर्ष-दीड वर्षाने तीच व्यक्ती पायाला मुंग्या, धाप आणि अशक्तपणा घेऊन दवाखान्यात येते. ऑपरेशन नीट झालेले असते. त्यानंतरची काळजी मात्र तिने एकटीने करायची ठरवलेली असते, आणि ती एकट्याने होत नाही.

या वेळचा पाठ त्यासाठी आहे. तुमच्या घरात, नात्यात किंवा गल्लीत कोणाचे असे ऑपरेशन झाले असेल, तर हे पान त्यांना वाचून दाखवा.

ऑपरेशनमध्ये काय करतात

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार चालतात. दोन्ही सहसा दुर्बिणीने करतात, म्हणून पोटावर चार-पाच लहान छेद दिसतात.

पहिला प्रकार स्लीव्ह. यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भाग कायमचा काढून टाकतात. केळीसारखी लांबट, अरुंद पिशवी उरते. भूक लावणारे एक संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होते, म्हणून भूकही कमी होते.

दुसरा प्रकार बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाशी लहान कप्पा करतात आणि तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. लोह, कॅल्शियम वगैरे शोषून घेण्याचे काम बरेचसे त्याच टाळलेल्या भागात होत असते. म्हणून बायपासवाल्यांना गोळ्यांची गरज अधिक असते.

आपले ऑपरेशन यातले कोणते, हे पेशंटला आणि घरातल्या एका तरी माणसाला माहीत असलेच पाहिजे. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. जास्त वजन म्हणजे आळस, असे समजू नका. अनुवंश, संप्रेरके, काही औषधे, रात्रपाळी, अपुरी झोप, स्वस्तात मिळणारे तळलेले आणि गोड खाणे, चालायला जागा नसणे, अशी अनेक कारणे त्यामागे असतात. ऑपरेशन म्हणजे सोपी पळवाटही नाही. ज्याने ते करून घेतले त्याला जन्मभर शिस्त पाळावी लागते.

पहिले सहा आठवडे

आतले टाके भरून यायला वेळ लागतो. तोवर जेवण पायरी-पायरीने वाढवतात. प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो, आपल्या डॉक्टरांचा तक्ता पहिला माना. साधारण क्रम असा:

पहिले एक-दोन दिवस: पाणी, गाळलेले सूप, साखर न घातलेले पातळ पेय.

पुढे साधारण दोन आठवडे: फक्त पातळ पदार्थ. दूध, ताक, गाळलेले वरण, चिकनचे गाळलेले सूप, डॉक्टरांनी दिलेली प्रथिनांची पावडर.

तिसरा-चौथा आठवडा: मऊ, घोटलेले. मुगाच्या डाळीचे घोटलेले वरण, दही, कुस्करलेले अंडे, मिक्सरमधून काढलेला मासा किंवा चिकन.

पाचवा-सहावा आठवडा: मऊ शिजवलेले, बोटांनी चिरडले जाईल असे.

त्यानंतर हळूहळू घरचे नेहमीचे जेवण, अगदी थोड्या प्रमाणात.

पाव, चिकट भात, ताजी चपाती, वजडी किंवा जून मटण घशाखाली अडकल्यासारखे होते. हे पदार्थ सगळ्यात शेवटी, एकेक करून घेऊन बघा. प्रत्येक घास २०-३० वेळा चावा. पोट भरल्याची खूण म्हणजे छातीच्या मध्ये दाब, कधी उचकी, कधी नाक वाहणे. ती खूण आली की ताटात उरलेला घास तसाच ठेवा. "अन्न टाकू नये" ही शिकवण चांगली आहे, पण त्यासाठी आधीच कमी वाढून घ्या.

पाण्याकडे विशेष लक्ष द्या. ऑपरेशननंतर पुन्हा रुग्णालयात भरती व्हावे लागण्याचे एक मोठे कारण म्हणजे शरीरातले पाणी कमी होणे. पेलाभर पाणी एका दमात जात नाही, म्हणून दिवसभर घोट-घोट प्यावे लागते. सुरुवातीला खोकल्याच्या औषधाचे टोपण माप म्हणून वापरा. १० मिलीची दोन-तीन टोपणे दर दहा-पंधरा मिनिटांनी घ्या. हळूहळू दिवसाला दीड ते दोन लिटरपर्यंत पोचायचे आहे. पाणी उकळलेले असावे. जेवताना पाणी पिऊ नका, जेवणानंतर अर्धा तास थांबून प्या. सोडा आणि कोल्ड्रिंक बंद.

आपल्या वस्तीतल्या बायका पाणी कमी पितात, त्याचे कारण मला ठाऊक आहे. संडास लांब, रांग मोठी, रात्री अंधार. ऑपरेशननंतर ही सवय महागात पडते. लघवी गडद पिवळी होणे, तोंड कोरडे पडणे, उठताना घेरी येणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे. निदान पहिले दोन महिने रात्री सोबत कोण येणार, हे घरात आधीच ठरवा.

वजन उचलू नका. साधारण चार ते सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त उचलायचे नसते. पंधरा लिटरचा भरलेला हंडा पंधरा किलोहून जड होतो. नळाचे पाणी कोण भरणार, गॅसचे सिलिंडर कोण सरकवणार, लहान मुलाला कोण कडेवर घेणार, हे ऑपरेशनच्या आधी ठरवायचे काम आहे. दुसरीकडे, अंथरूण धरूनही बसू नका. पहिल्या दिवसापासून थोडे थोडे चाला. चालल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. गल्लीच्या टोकापर्यंत दिवसातून पाच-सहा फेऱ्या पुरेत.

जुन्या गोळ्या जुन्याच मात्रेत घेऊ नका. साखर आणि रक्तदाब ऑपरेशननंतर काही दिवसांतच खाली येऊ लागतात. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी पूर्वीइतकीच घेतली तर साखर एकदम उतरून घाम, थरथर, बेशुद्धी येऊ शकते. डिस्चार्जच्या वेळी प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा: ही चालू, ही बंद की ही अर्धी? कोणती गोळी कुटून चालते तेही विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या कुटायच्या नसतात.

अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका. ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनी लहान झालेल्या जठराला किंवा जोडाला जखम होऊ शकते. बायपासवाल्यांनी त्या कायमच्या टाळायच्या. दुखले तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. तंबाखू, मिश्री, विडी, गुटखा यांनी जखम भरत नाही आणि अल्सर होतो. मिश्रीला बायका व्यसन मानत नाहीत, पण तीही तंबाखूच आहे. दारू तर ऑपरेशननंतर फार लवकर चढते, आणि काही जणांना पूर्वी नसलेले दारूचे व्यसन नंतर लागते.

ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नका

पुढीलपैकी काहीही झाले तर ज्या रुग्णालयात ऑपरेशन झाले तिथे लगेच जा. लांब असेल तर १०८ नंबरची रुग्णवाहिका बोलवा.

– स्वस्थ बसलेले असताना नाडी सतत मिनिटाला १०० च्या वर राहणे. १२० च्या वर गेली तर क्षणभरही थांबू नका.
– ताप, थंडी वाजणे, पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात दुखणे. टाक्यांतून गळती झाल्याची ही खूण असू शकते.
– धाप, छातीत दुखणे.
– एका पोटरीला सूज, लाली, दुखणे.
– काळी डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी.
– पाण्याचा घोटही न टिकणे, किंवा एक-दोन दिवसांत न थांबणाऱ्या उलट्या.

उलट्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते. उलट्या चालूच राहिल्या तर शरीरातले बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, काही आठवड्यांत संपते. मग डोळ्यांना दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे सुरू होते. यातून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात "अशक्तपणा आहे" म्हणून ग्लुकोजची बाटली लावली जाते. बी-१ न देता नुसते ग्लुकोज चढवले तर त्रास वाढू शकतो. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी पहिले वाक्य हे सांगा: "माझे वजनाचे ऑपरेशन झाले आहे, उलट्या होत आहेत, ग्लुकोजच्या आधी बी-१चे इंजेक्शन लागेल का?" हे विचारायला लाजू नका.

एका कागदावर ऑपरेशनचा प्रकार, तारीख, रुग्णालयाचा फोन, चालू गोळ्या आणि "ब्रुफेन-डायक्लोफिनॅक नको" असे लिहून पाकिटात ठेवा. गावी जाताना, चैत्यभूमी किंवा दीक्षाभूमीच्या गर्दीत जाताना तो कागद, पाण्याची बाटली आणि भाजलेले चणे जवळ असू द्या.

साठ ग्रॅम प्रथिने, आपल्याच स्वयंपाकातून

ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. ती कमी पडली की शरीर स्वतःचे स्नायू खाऊ लागते. वजन उतरते, पण अंगात ताकद राहत नाही. रुग्णालयाच्या छापील तक्त्यात कधी ब्रोकोली, टोफू, परदेशी पावडर असते. तक्ता बघून बाई म्हणते, "हे काय आपल्याला परवडणार?" आणि चहा-बिस्किटावर येते. तक्ता बाजूला ठेवण्याआधी आहारतज्ज्ञांना सांगा, "आमच्या घरात हे मिळते, यातून बसवून द्या."

साधारण तीन महिन्यांनंतर, सगळे पचू लागल्यावर, एका दिवसाचा हिशेब असा बसू शकतो:

– दोन अंडी: १२ ग्रॅम
– दोन कप दूध किंवा तेवढ्याच दुधाचे दही: १३ ग्रॅम
– वीस ग्रॅम चण्याचे सातू ताकात: ४ ग्रॅम
– तीस ग्रॅम मूगडाळीचे घट्ट वरण: ७ ग्रॅम
– साठ ग्रॅम शिजलेले चिकन किंवा मासा: १५ ग्रॅम
– वीस ग्रॅम सोयाबीन वडी, भिजवून बारीक केलेली: १० ग्रॅम

एकूण ६१ ग्रॅम. हे तीन वेळच्या जेवणात मावत नाही, म्हणून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे लागते. ताटात आधी अंडे, डाळ, मासा संपवा, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर.

सुकट आणि बोंबलात प्रथिने भरपूर असतात, पण मीठही तितकेच असते. दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. रक्तदाब असेल तर बेताने खा. पायाचे सूप तोंडाला चव आणते, पण नुसत्या रश्श्यावर प्रथिनांची गरज भागत नाही.

गोडाचा प्रश्न वेगळा. बायपास झालेल्याने वाटीभर खीर पटकन खाल्ली तर अर्ध्या-एक तासात धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब आणि चक्कर येऊ शकते. साखर झपाट्याने आतड्यात उतरल्याने असे होते. पौर्णिमेची खीर वाटताना कोणी नको म्हणाले तर आग्रह करू नका. एक चमचा चाखून ती व्यक्ती वाटी परत देत असेल, तर त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

गोळ्या आणि तपासण्या जन्मभर

जखम भरली, वजन उतरले, आता गोळ्या कशाला, असा विचार सहा महिन्यांनी सगळ्यांच्याच मनात येतो. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व ही पाच नावे पाठ करून ठेवा. मात्रा डॉक्टर ठरवतील. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, निदान दोन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर एकामुळे दुसरे शोषले जात नाही. लोहाची गोळी चहासोबतही घेऊ नका.

तपासणी पहिल्या वर्षी साधारण तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, नंतर दरवर्षी एकदा. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी-१२, डी, कॅल्शियम, प्रथिने आणि साखर बघतात. बी-१२ कमी होत गेले की पायाला मुंग्या येतात, विसराळूपणा वाढतो, आणि उशीर झाला तर नसांची झीज भरून येत नाही. मासिक पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांनी लोहाकडे दुप्पट लक्ष द्यावे.

तरुण भगिनींसाठी: वजन उतरले की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायला सांगतात, कारण तेव्हा शरीरात आईलाच पुरेसे पोषण नसते. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये. तांबी किंवा दुसरा उपाय डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मनात आणि घरात काय होते

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठ-मूठ गळतात. कातडी लोंबते. चेहरा ओढल्यासारखा दिसतो. वस्तीत कुजबुज सुरू होते: "हिला टीबी झाला का?" कोणी त्याहून वाईट शंका घेते. सासूबाई म्हणतात, "अगं, चिमणीएवढं खातेस, मरशील अशाने." नवरा कधी कौतुक करतो, कधी बायको बदलली म्हणून धास्तावतो.

जेवण हा आपल्या घरातला आनंद असतो. दिवसभर धुण्याभांड्याची कामे करून आल्यावर एक वडापाव हीच जिची करमणूक होती, तिचा तो आधार एका दिवसात गेलेला असतो. दुःख झाले, एकटे वाटले, तरी खाऊन मन शांत करता येत नाही. म्हणून ऑपरेशननंतर उदासी येते. काही जणांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचारही येतात. ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा मोफत नंबर आहे, तिथे दिवसरात्र कधीही मराठीतून बोलता येते. जीव देण्याचे विचार आले तर एकटे राहू नका, घरातल्या कोणाला तरी उठवा आणि रुग्णालय गाठा.

दुसरी वेळ दोन वर्षांनी येते. उतरलेले वजन थोडे परत चढते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्या हजारो लोकांकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वात खाली गेले, मग थोडे वाढले आणि पुढे स्थिरावले. तरीही, तितकेच वजन असून ऑपरेशन न केलेल्यांपेक्षा त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी राहिले. म्हणजे चार-पाच किलो परत आले म्हणून ऑपरेशन वाया गेले असे नाही. पण नेमक्या याच वेळी माणूस लाजेने डॉक्टरकडे जायचे सोडतो.

सोबतीचा गट कसा करावा

या सगळ्यात जिचे ऑपरेशन वर्षभर आधी झाले आहे, ती बाई जे देऊ शकते ते नर्स किंवा डॉक्टर देऊ शकत नाही.

"ताई, माझे केस बघा ना, टक्कल पडणार बहुतेक."

"माझेही चौथ्या महिन्यात असेच गेले गं. नवव्या महिन्यात परत आले. अंडी खातेस का? लोह तपासलंस?"

या दोन वाक्यांनी जो धीर येतो तो छापील कागदाने येत नाही. सोबतीच्या बैठकांना येणारे लोक तपासण्या आणि पथ्य अधिक नियमितपणे सांभाळताना दिसतात.

गट शोधण्याचा पहिला मार्ग रुग्णालयच आहे. आहारतज्ज्ञांना किंवा सिस्टरला विचारा: "आधीच्या पेशंटची बैठक असते का? माझ्याच भागातले कोणी असेल तर त्यांना विचारून माझा नंबर द्याल का?" वजनाच्या ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाशी बोला. ऑपरेशन करायच्या विचारात असाल तर आधीच अशा दोघांना भेटा: एक पाच-सहा महिन्यांपूर्वीचा, एक तीन-चार वर्षांपूर्वीचा. वजन सगळ्यात वेगाने उतरत असतानाचा माणूस फक्त गोड बाजू सांगतो.

आपल्या वस्तीत असे तीन-चार लोक असतील तर गट सुरू करता येतो. बचत गट चालवलेल्या भगिनींना हे अवघड नाही. जागा विहाराची खोली, समाजमंदिर किंवा बालवाडी. महिन्यातून एकदा, एक तास. असे चालवा:

१. पहिली वीस मिनिटे प्रत्येकाने सांगावे: या महिन्यात काय जमले, काय अडले.
२. पुढची वीस मिनिटे एकच विषय: पाणी, गोळ्या, लग्नातले जेवण, सासरचे बोलणे.
३. शेवटी वहीत लिहावे: कोणाची तपासणी कधी आहे, सोबत कोण जाणार, गोळ्या कोणाच्या संपत आल्या.

नियमही आधीच ठरवा. गटातले बोलणे गटाबाहेर जाणार नाही. वजनकाटा बैठकीत आणायचा नाही, किलोंची स्पर्धा लावायची नाही. फोटो काढायचे नाहीत. एकाची गोळी दुसऱ्याने घ्यायची नाही. पावडर, चहा किंवा "हर्बल" डबे विकणाऱ्याला बैठकीत जागा नाही. वजन वाढले म्हणून कोणाला टोचून बोलायचे नाही. आणि वर दिलेल्या धोक्याच्या लक्षणांपैकी एक जरी कोणी सांगितले, तर चर्चा थांबवून त्यांना रुग्णालयात न्यायचे. "मलाही झालं होतं, जाईल आपोआप" हे वाक्य अशा वेळी जीव घेऊ शकते.

दर तिसऱ्या बैठकीला घरच्यांना बोलवा, म्हणजे नवरा, सासू, मोठी मुले. वर्षातून एकदा आहारतज्ज्ञ किंवा परिचारिकेला बोलवा. पुरुषांचेही हे ऑपरेशन होते, आणि ते तर अजिबात बोलत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी अर्धा तासाची बैठक ठेवली तरी चालेल.

वस्तीत तुम्ही एकट्याच असाल तर फोनवरची जोडी करा. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, दहा मिनिटे. विचारायचे चारच प्रश्न: पाणी किती, अंडी-डाळ किती, गोळ्या घेतल्या का, मन कसे आहे?

ऑपरेशनचा विचार करणाऱ्यांसाठी थोडे

वजन किलोत घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १.५ मीटर, वजन ८५ किलो असेल तर ८५ भागिले २.२५, म्हणजे ३७.८. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे हा आकडा ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून साखरेसारखा आजार असेल, तर ऑपरेशनचा विचार करतात. विमा कंपन्यांची अट याहून कडक असते. साधारणपणे आकडा ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, असे असेल तरच पैसे देतात. प्रतीक्षा काळ किती, तेही लेखी विचारा.

महाराष्ट्रातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन जा. नोकरीत ईएसआय कापला जात असेल आणि अटी पूर्ण असतील, तर आजारपणाच्या रजेत ७० टक्के पगार ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतो. घरकाम करणाऱ्या बायकांना हे मिळत नाही, म्हणून त्यांनी सहा आठवड्यांच्या घरखर्चाची तजवीज आधी करावी. ऑपरेशनच्या खर्चात पुढच्या गोळ्या आणि तपासण्यांचाही हिशेब धरा. जनऔषधी केंद्रात यादी दाखवली तर काही गोळ्या स्वस्त मिळतात.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत कोणाचे ऑपरेशन झाले तर पहिले सहा आठवडे पाणी भरण्याची पाळी कशी लावता येईल?
२. लग्नात किंवा जयंतीच्या जेवणात कमी खाणाऱ्याला आपण काय बोलतो? त्याऐवजी काय बोलता येईल?
३. धोक्याची सहा लक्षणे न बघता सांगता येतात का? एकमेकींना विचारून बघा.
४. आपल्या गल्लीत कोणी हा आजार किंवा ऑपरेशन लपवत असेल, तर तिला न दुखावता सोबत कशी देता येईल?

धोक्याच्या लक्षणांची चौकट कापून स्वयंपाकघरात भिंतीला लावा. पुढच्या अंकात बायकांमधला रक्तक्षय आणि लोहाच्या गोळ्या या विषयावर बोलू.